कर्ता कोण? ज्येष्ठ नागरिक केंद्रे चालवणाऱ्यांना खुले पत्र

ज्येष्ठ नागरिक केंद्रांचे व्यवस्थापक, कार्यकारी समित्यांचे सदस्य आणि कार्यक्रमांची आखणी करणारे सर्व सहकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी गेली सहा वर्षे एका ज्येष्ठ नागरिक केंद्राची सभासद आहे. त्याआधीची एकतीस वर्षे मुद्रितशोधनात गेली आणि त्या कामाने लागलेली खोड निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. कोणताही मजकूर समोर आला, की त्यात काय म्हटले आहे याच्या आधी ते कसे म्हटले आहे याकडे डोळे जातात. आमच्या केंद्राच्या दारातल्या फलकावर मागच्या महिन्याचे कार्यक्रम लागले होते, तेही मी असेच वाचले. ‘रक्तदाबाची तपासणी केली जाईल. आहाराविषयी मार्गदर्शन करण्यात येईल. जुन्या गीतांचा कार्यक्रम सादर केला जाईल. ज्येष्ठतम सभासदांचा सत्कार करण्यात येईल. सभासदांना सहलीस नेण्यात येईल.’ पाच वाक्ये, पाचही निर्दोष, आणि एकातही कर्ता नाही. करणारा कोण हे गुलदस्त्यात आहे. ज्यांच्या बाबतीत केले जाणार, ते मात्र आम्ही.

सहा वर्षे जे मनात सलत होते आणि ज्यावर नेमके बोट ठेवता येत नव्हते, ते त्या फलकासमोर उभे असताना मला सापडले. हे पत्र एकाच केंद्राच्या व्यवस्थापकांना न लिहिता तुम्हा सर्वांना लिहीत आहे, कारण ओळखीपाळखीतून पाहिलेल्या इतर केंद्रांचे फलकही याच व्याकरणात लिहिलेले आढळले. तुम्ही आमच्यासाठी फार थोडे करता, अशी माझी तक्रार नाही. तुम्ही पुष्कळ करता, मनापासून करता, आणि आम्ही करावे असे काहीच मागे ठेवत नाही, ही माझी तक्रार आहे.

ज्येष्ठांनी दिवसा एकत्र यावे म्हणून वेगळे केंद्र काढण्याची कल्पना तशी फार जुनी नाही. १९४३ साली न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात तेथील समाजकल्याण खात्याने विल्यम हॉडसन यांच्या नावाचे केंद्र सुरू केले, आणि अमेरिकेतील या प्रकारचे ते पहिले केंद्र मानले जाते. मदत मागायला येणाऱ्या वृद्धांना मदतीइतकीच बोलायला कोणीतरी हवे असते, हे ओळखून ते काढले गेले. म्हणजे मुळाशी गरज होती ती गाठीभेटींची. कार्यक्रम हे त्या गाठीभेटी घडवून आणण्याचे निमित्त होते. पुढे निमित्तच मोठे होत गेले, आणि आज अनेक केंद्रांत अशी स्थिती आहे, की कार्यक्रम पार पडतो, आभारप्रदर्शन होते, आणि शेजारी बसलेल्या दोन माणसांनी एकमेकांना नावही विचारलेले नसते.

एकाकीपणाच्या परिणामांबद्दल तुम्हाला नव्याने सांगायला नको. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणाने ग्रासले आहे, आणि वर्षाला ८,७१,०००हून अधिक मृत्यूंचा संबंध त्याच्याशी असल्याचा अंदाज आहे. असे आकडे अनुदानाच्या अर्जांत हमखास येतात. त्यानंतर अर्जात सभागृहाची आसनक्षमता येते, आणि घोटाळा होतो तो तिथेच. एकटे असणे आणि एकाकी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माणसे एका छताखाली आणून पहिली गोष्ट मिटते, दुसरी मिटेलच असे नाही. ऐंशी खुर्च्या ओळीने मांडलेल्या, सगळ्यांची तोंडे मंचाकडे; अशा सभागृहात दीड तास समोरच्याच्या पाठीकडे पाहून घरी परतलेले माणूस हजेरीवहीत उपस्थित असते आणि घरून निघताना जितके एकाकी होते तितकेच परतताना असते. याच खुर्च्या गोलाकार मांडल्या तर काय होते, हे आम्ही एकदा ध्वनिक्षेपक बिघडल्यामुळे योगायोगाने पाहिले. वक्त्यांना मधोमध बसवावे लागले, माणसे मध्येच प्रश्न विचारू लागली, विषय दोनदा भरकटला, आणि वेळ संपल्यावर कोणी उठायला तयार नव्हते. पुढच्या आठवड्यात ध्वनिक्षेपक दुरुस्त झाला आणि खुर्च्या पुन्हा ओळीने लागल्या.

कर्तेपण काढून घेतले की माणसाचे काय होते आणि परत दिले की काय होते, याचा एक प्रयोग जुना असला तरी विचार करण्यासारखा आहे. एलन लँगर आणि जुडिथ रॉडिन या दोन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेला हा अभ्यास अमेरिकेतील एका शुश्रूषागृहात झाला. एका मजल्यावरच्या रहिवाशांना सांगण्यात आले, की तुमच्या खोलीची मांडणी, तुमचा वेळ, तुमच्या तक्रारी हे सारे तुमच्या हातात आहे. त्यांना आवडीचे एक रोप निवडून घेऊ दिले आणि त्याची निगा त्यांच्यावरच सोपवली. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही रोप मिळाले, पण पाणी परिचारिका घालणार होत्या, आणि तुमची काळजी घेणे ही आमची जबाबदारी आहे, असे त्यांना प्रेमानेच सांगण्यात आले. चित्रपट दोन्ही मजल्यांना दाखवायचा होता. पहिल्या मजल्यावर दोन दिवसांपैकी कोणत्या दिवशी पाहायचा की पाहायचाच नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे होते, दुसऱ्यावर दिवस नेमून दिला होता. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक उत्साही, अधिक सावध आणि अधिक मिसळणारी आढळली. पुढे दीड वर्षाने केलेल्या पाहणीत त्यांच्यातले मृत्यूही कमी दिसले. या शेवटच्या निष्कर्षाच्या गणितात नंतर दुरुस्ती करावी लागली आणि तो दिसतो तितका भक्कम राहिला नाही, म्हणून मी त्यावर भर देत नाही. माझे लक्ष त्या चित्रपटाच्या दिवसाकडे जाते. चित्रपट तोच, पडदा तोच, खर्च तोच. फरक फक्त दिवस कोणी ठरवला एवढाच. तुमच्या केंद्रात गेल्या वर्षभरात सभासदांनी ठरवलेला दिवस कोणता होता, हे एकदा आठवून पाहावे.

याच काळातला दुसरा अभ्यास मला अधिक अस्वस्थ करतो. रिचर्ड शुल्झ यांनी एका वृद्धनिवासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना भेटीस पाठवले. काही रहिवाशांना पाहुणा केव्हा यावा आणि किती वेळ बसावा हे ठरवता येत होते, काहींना तो केव्हा येणार हे आधी कळवले जात होते, तर काहींकडे तो मनाला येईल तेव्हा जात होता. पहिल्या दोन गटांची प्रकृती आणि मनःस्थिती स्पष्टपणे सुधारली. मग अभ्यास संपला आणि भेटीही थांबल्या. पुढच्या काही वर्षांत पुन्हा पाहणी केली, तेव्हा ज्यांना सर्वांत जास्त लाभ झाला होता तेच सर्वांत जास्त घसरल्याचे आढळले. तीन महिन्यांचा निधी मिळाला म्हणून चित्रकलेचा वर्ग काढायचा, माणसांना त्या दिवसाची वाट पाहायला शिकवायचे, आणि निधी संपताच फलकावरून तो वर्ग पुसून टाकायचा, हे आपल्याकडे सर्रास चालते. असा वर्ग काढण्यापूर्वीच तो चौथ्या महिन्यात कोण चालवणार हे ठरलेले असावे, आणि ‘कोण’ याचे उत्तर बहुतेक वेळा वर्गातच बसलेले असते.

‘आमच्या सभासदांना हे जमणार नाही’ असे तुमच्यापैकी काहींना या ठिकाणी वाटेल. या शंकेला उत्तर म्हणून तिसऱ्या वयाच्या विद्यापीठांचा इतिहास पुरेसा आहे. १९७३ साली फ्रान्समधील तुलूझ येथे पिएर व्हेलास यांनी निवृत्तांसाठी असे पहिले विद्यापीठ सुरू केले. तेथे विद्यापीठातील प्राध्यापक शिकवत आणि निवृत्त शिकत. ही कल्पना १९८०च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये पोहोचली, तेव्हा पीटर लॅस्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यात एकच मूलभूत बदल केला. त्यांनी प्राध्यापक काढून टाकले. ज्याला जे येते ते त्याने शिकवायचे, आणि तोच माणूस दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या वर्गात विद्यार्थी म्हणून बसायचा. पदवी नाही, परीक्षा नाही, मानधन नाही. वर्ग बहुधा कोणाच्या तरी घरी किंवा भाड्याच्या छोट्या खोलीत. ही व्यवस्था चार दशकांहून अधिक काळ टिकली आहे आणि तिचे सभासद आज लाखांच्या घरात आहेत. निवृत्त लोक सगळे विद्वान असतात असे नव्हे, पण साठ-सत्तर वर्षे जगलेल्या प्रत्येक माणसाला दुसऱ्याला ठाऊक नसलेले काहीतरी येत असते, आणि ते विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. आपल्या प्रवेश-अर्जात जन्मतारीख, आजार, औषधे आणि तातडीच्या वेळी कळवण्याचा क्रमांक या साऱ्यांसाठी रकाने आहेत. ‘आपल्याला काय शिकवता येईल?’ हा रकाना मी तरी कुठे पाहिलेला नाही.

माझ्या घरातलाच अनुभव सांगते. माझे पती यंत्रदुरुस्तीच्या कामातून निवृत्त झाले. माझ्या आग्रहाखातर ते केंद्रात दोनदा आले, दोन्ही वेळा शेवटच्या ओळीत बसले, आणि तिसऱ्या वेळी म्हणाले, ‘टाळ्या वाजवायला माणूस कमी पडत असेल तर सांग, येईन.’ त्यानंतर दीड वर्ष त्यांनी केंद्राचे नाव काढले नाही. मग एकदा ग्रंथालयाच्या कपाटाचे दार बिजागरीतून निखळले आणि मी घरी आल्यावर सहज बोलून गेले. दुसऱ्या दिवशी ते पेचकस, दोन मापांचे स्क्रू आणि तेलाची लहान बाटली खिशात घालून माझ्याबरोबर निघाले. दार बसवायला वीस मिनिटे पुरली असती. त्यांना अडीच तास लागले, कारण आणखी दोन गृहस्थ शेजारी येऊन उभे राहिले होते. एकाने दार धरले, दुसऱ्याने बिजागरी चुकीच्या बाजूने लावत आहात असे सांगितले, त्यावर वाद झाला, आणि त्या वादातून निघाले की दुसऱ्या गृहस्थांच्या पत्नीला जाऊन चार महिने झाले होते आणि ते त्यांनी केंद्रात कोणालाच सांगितले नव्हते. खुर्चीवर समोरासमोर बसवून ‘मन मोकळे करा’ म्हटले असते, तर ते बोलले नसते याची मला खात्री आहे. ऑस्ट्रेलियात १९९०च्या दशकापासून पुरुषांसाठी सामुदायिक कार्यशाळा सुरू झाल्या आणि तिथून त्या अनेक देशांत पसरल्या, त्यांच्यामागचा विचारही हाच आहे, की पुरुष समोरासमोर बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून काम करताना बोलतात. पुरुष केंद्रात येत नाहीत ही तुम्हा सर्वांची नेहमीची तक्रार आहे. त्यांना बोलावताना तुम्ही नेमके कशासाठी बोलावता, हेही पाहायला हवे. माझे पती आता आठवड्यातून दोनदा येतात. व्याख्यानाला अजूनही बसत नाहीत.

दोष सगळा तुमच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल, कारण आम्ही सभासदही काही साधेसुधे नाही. प्रत्येक केंद्रात खिडकीजवळचे एक टेबल असते आणि त्यावर पाच-सहा जणांचा अलिखित मालकी हक्क असतो. मागच्या वर्षी एक बाई नव्याने आल्या. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून त्या एका रिकाम्या खुर्चीपाशी थांबल्या, आणि आमच्यापैकी एकीने अगदी गोड आवाजात सांगितले, ‘इथे येणार आहे कोणीतरी.’ त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या, तिथे पत्त्यांचा डाव रंगला होता आणि कोणी मान वर केली नाही. मग भिंतीवरची सूचना वाचत असल्यासारखे करून त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि निघून गेल्या. त्या खुर्चीवर त्या दिवशी कोणीही आले नाही. मी त्याच टेबलावर बसले होते आणि मीही काही बोलले नाही, हे इथे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. नव्या माणसाच्या पहिल्या दिवसाची जबाबदारी नाव घेऊन एका जुन्या सभासदावर सोपवलेली असावी; त्याने दारापाशी भेटावे, सोबत बसावे, दोन माणसांशी ओळख करून द्यावी आणि ‘पुढच्या वेळी कधी येणार?’ एवढे विचारावे. याला निधी लागत नाही. आणि हे काम कर्मचाऱ्याने करू नये, कारण कर्मचाऱ्याचे स्वागत हे शेवटी कामाचा भाग असते आणि ते येणाऱ्याला कळते.

श्रवणाचा प्रश्न मी मुद्दाम वेगळा मांडते, कारण तो सर्वांत जास्त माणसे गळण्याचे कारण आहे असे माझे निरीक्षण आहे आणि त्याची नोंद कुठल्याच अहवालात होत नाही. आमच्यातले एक गृहस्थ विनोदावर सगळ्यांच्या नंतर, क्षणभर उशिराने हसतात. पुष्कळ दिवस मला वाटे, की ते सावकाश विचार करणारे आहेत. मग लक्षात आले, की त्यांना विनोद ऐकूच येत नाही. इतरांची तोंडे हसताना पाहून ते हसतात. वयाबरोबर येणाऱ्या बहिरेपणात उंच पट्टीचे ध्वनी आधी हरवतात. स्वर ऐकू येतात, पण ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ यांसारखी व्यंजने निसटतात, त्यामुळे आवाज पोहोचतो आणि शब्द पोहोचत नाही. अशा माणसाशी मोठ्याने बोलून फारसा उपयोग होत नाही. तोंड दिसेल असे समोर बसून, सावकाश आणि स्पष्ट बोलावे लागते, आणि मागचा गोंगाट कमी करावा लागतो. उघडी फरशी, उंच छत, गरगरणारे पंखे आणि एकाच वेळी चालणारे पत्त्यांचे चार डाव, म्हणजे आपल्या केंद्रांचे सर्वसाधारण सभागृह, हे श्रवणयंत्र लावणाऱ्यासाठी अतिशय वाईट ठिकाण आहे, कारण यंत्र शब्दांबरोबर गोंगाटही वाढवते. डिमेन्शियावर, म्हणजे स्मृतिभ्रंशावर, काम करणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोग्या १४ जोखमींची यादी दिली आहे, तीत श्रवणदोष आणि सामाजिक विलगता या दोन्हींचा समावेश आहे. आणि पहिला दुसरीकडे कसा नेतो, हे पाहायचे असेल तर त्या गृहस्थांशेजारी एक दुपार बसावे. एक लहान, दार बंद होणारी, जाड पडद्यांची शांत खोली प्रत्येक केंद्रात असावी. रंगमंचाच्या नूतनीकरणाच्या आधी तिचा विचार व्हावा.

व्यायामाबाबत थोडक्यात लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ज्येष्ठांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि स्नायूंची ताकद वाढवणारे व्यायाम करावेत. पडण्याचा धोका त्याने कमी होतो. महिन्यातून एकदा ‘व्यायामाचे महत्त्व’ या विषयावर व्याख्यान ठेवून, तेही बसून ऐकवून, हे साधत नाही. नृत्याची शिफारस मी आवर्जून करीन. पंचाहत्तरीच्या पुढच्या ४६९ जणांचा काही वर्षे मागोवा घेऊन २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांचा डिमेन्शियाच्या कमी प्रमाणाशी संबंध आढळला होता, आणि शारीरिक हालचालींपैकी असा संबंध दिसला तो एकट्या नृत्यात. ज्यांची बुद्धी शाबूत तेच नाचायला जातात, असाही त्याचा अर्थ निघू शकतो, म्हणून मी नृत्याला औषध म्हणणार नाही. पण नाचताना पावले लक्षात ठेवावी लागतात, तोल सांभाळावा लागतो, दुसऱ्याच्या हालचालीकडे पाहावे लागते आणि बहुधा चुकून हसावेही लागते. एका तासात इतके सगळे करवून घेणारा दुसरा उपक्रम मला तरी ठाऊक नाही.

मोबाइल वापरण्याचे वर्ग आता सगळीकडे निघाले आहेत आणि त्यांची गरजही मोठी आहे. आमच्याकडे शिकवायला येणारा मुलगा अतिशय सालस होता. कोणी अडखळले, की तो ‘द्या इकडे’ म्हणून फोन हातात घेई, अंगठ्याने चार ठिकाणी टेकवी, आणि ‘झालं बघा’ म्हणून परत देई. वर्ग संपला तेव्हा आमचे सगळ्यांचे फोन व्यवस्थित चालत होते आणि आमच्यापैकी कोणालाही काही येत नव्हते. पुढे आमच्याच एका सभासद बाईंनी शिकवायला सुरुवात केली. त्या स्वतः हळू शिकल्या होत्या, म्हणून कोणती पायरी कुठे निसटते हे त्यांना ठाऊक होते, आणि त्यांचा एकच नियम होता, की दुसऱ्याच्या फोनला हात लावायचा नाही. या एका नियमात तुमच्या साऱ्या कामाचे धोरण बसू शकेल, असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट वयाच्या हिशेबाची. आपण साठीच्या माणसाला आणि नव्वदीच्या माणसाला एकाच शब्दात मोजतो. त्या दोघांत तीस वर्षांचे, म्हणजे एका पिढीचे अंतर आहे. पाच वर्षांच्या मुलाला आणि पस्तिशीच्या माणसाला एकच कार्यक्रमपत्रिका द्यायला कोणी धजावणार नाही. साठीतल्यांना कामाची भूक असते, ऐंशीतल्यांना बहुधा ओळखीच्या चेहऱ्यांची आणि जिना नसलेल्या रस्त्याची. हे मी ढोबळ बोलते आहे आणि ऐंशीतल्या काही जणी मला याबद्दल जाब विचारतील. म्हणूनच हे अंदाज मी किंवा तुम्ही बांधण्याऐवजी त्यांनाच विचारावे.

वेळेचा विचारही व्हावा. केंद्रे कार्यालयीन वेळेत उघडी असतात, कारण कर्मचारी त्या वेळेत असतात. एकट्या राहणाऱ्या माणसाला मंगळवारची सकाळ फारशी जड जात नाही. बँक असते, दवाखाना असतो, रस्त्यावर वर्दळ असते. जड जाते ती संध्याकाळ, रविवार आणि सणासुदीच्या सुट्ट्या, जेव्हा बाकीचे जग आपापल्या घरात असते. नेमके तेव्हा आपल्या दाराला कुलूप असते.

शेवटी मोजमापाबद्दल, कारण तुम्हालाही वर कोणाला तरी उत्तर द्यावे लागते हे मी जाणते. वार्षिक अहवालात उपक्रमांची संख्या आणि उपस्थितांची संख्या छापली जाते. त्यांच्या शेजारी आणखी दोन रकाने असावेत अशी माझी विनंती आहे. पहिला, वर्षभरात सभासदांनी स्वतः ठरवून स्वतः पार पाडलेले उपक्रम किती. दुसरा, सलग दोन आठवडे न आलेल्या किती सभासदांना दुसऱ्या सभासदाने फोन करून विचारपूस केली. पहिली काही वर्षे हे आकडे लाजिरवाणे येतील. ते तसेच छापावेत. सभासदांनी चालवलेले उपक्रम अधूनमधून फसतील, वेळा चुकतील, एखाद्या गटात भांडण होऊन दोन गट होतील, आणि फलकावरच्या अक्षरात शुद्धलेखनाच्या चुका दिसतील. चुकांचे काम माझ्याकडे द्यावे.

आमच्या केंद्राच्या कुलपाच्या तीन किल्ल्या आहेत आणि तिन्ही कार्यालयात असतात. येत्या महिन्यापासून रविवारी संध्याकाळी पाच ते आठ सभागृह उघडे ठेवण्याची तयारी आम्ही अकरा जणांनी दाखवली आहे. पाळ्या ठरल्या आहेत, दिवे-पंखे बंद करून कुलूप लावण्याची जबाबदारी कोणाची हे कागदावर नावांसह लिहिले आहे, आणि तो कागद मी आमच्या व्यवस्थापकांकडे सोमवारी दिला आहे. तुमच्या केंद्रातही असे अकरा जण निघतील. त्यांना एक किल्ली द्यावी.

आपली विश्वासू,
एक ज्येष्ठ सभासद